कानामागचा मदतनीस

मनुष्य जग पाहतो ते डोळ्यांनी. परंतु माणसांशी तो जोडला जातो तो मुख्यतः कानांनी. दृष्टी मंद झाली म्हणजे चष्मा लावण्यात कोणाला संकोच वाटत नाही. श्रवणशक्ती मंद झाली, की मात्र माणूस ती गोष्ट लपवू पाहतो आणि हळूहळू बोलण्याचालण्यातूनच अंग काढून घेतो. गोरेगावातील एका घरी असेच घडत होते.

ते घर स्थानकाच्या जवळ होते. लोकल गाड्यांचा खडखडाट, रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांच्या आरोळ्या यांनी तो परिसर दिवसभर गजबजलेला असे. घरातील आजोबा सत्तरी ओलांडलेले होते. एकदा नातू शाळेतून आला आणि म्हणाला, "आजोबा, ताप आलाय." आजोबांनी ऐकले, "साप आलाय!" ते काठी घेऊन लगबगीने उठले. घरात एकच हशा पिकला. आजोबाही हसले, पण त्या दिवसापासून ते जेवताना मुकाट्याने बसू लागले. कोणी काही विचारले, तर ऐकू आले नसले तरी "हो, हो" म्हणून मोकळे होत.

मुलाने त्यांना दोन श्रवणयंत्रे आणून दिली. आठवडाभर ती कानांमागे राहिली आणि मग कपाटाच्या खणात जाऊन पडली. "या यंत्रांतून भांडी मोठ्याने ऐकू येतात, माणसे नाहीत," अशी आजोबांची तक्रार होती.

नातवाला चैन पडेना. आपण त्या दिवशी हसलो, हे त्याच्या मनाला लागून राहिले होते. शाळेला सुट्टी लागताच त्याने हट्ट धरला, "आजोबा, यंत्रे घ्या आणि माझ्याबरोबर चला. एकदा नीट विचारून तर पाहू."

गोरेगावहून लोकलने दक्षिणेकडे निघाले, की राम मंदिर, जोगेश्वरी, अंधेरी, विलेपार्ले, सांताक्रूझ, खार रोड ही स्थानके मागे टाकून गाडी वांद्र्याला पोहोचते. तेथे वाणी व श्रवण यांच्या दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले आहे. 1983 साली स्थापन झालेल्या या संस्थेत कानांची तपासणी होते, श्रवणयंत्रे बसवली जातात आणि या विषयाचे तज्ज्ञही शिकून तयार होतात.

तेथील श्रवणतज्ज्ञ बाईंनी आजोबांचे कान तपासले. मग यंत्रे संगणकाला जोडून त्या हसून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही ही यंत्रे दिवसाला सरासरी एक तासही घातलेली नाहीत!"

आजोबा चकित झाले. "हे तुम्हांला कोणी सांगितले?"

"यंत्रांनीच सांगितले," बाई म्हणाल्या. "आपण किती वेळ वापरले गेलो, त्यांपैकी किती वेळ शांततेत गेला व किती वेळ गोंगाटात, याची नोंद यंत्र स्वतः ठेवते. कोणाची चूक पकडण्यासाठी ही नोंद नसते. तुमचा दिवस कसा जातो हे कळले, म्हणजे यंत्र त्याप्रमाणे जुळवून देता येते."

"पण बाई, ताप म्हटले तर मला साप का ऐकू आले?" आजोबांनी विचारले.

बाईंनी समजावून दिले, "आपल्या अंतःकर्णात सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे रूपांतर त्या मेंदूला समजणाऱ्या संदेशांत करतात. वय वाढले, की बारीक म्हणजे उंच स्वर टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी झिजतात. आणि एकदा गेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आ, ओ यांसारखे जाड ध्वनी ऐकू येतात. पण स, श, च, त यांच्यातला फरक हरवतो. म्हणून ताप, साप, चाप हे सारे शब्द एकसारखे भासतात. बोलणे ऐकू येते. पण समजत नाही."

अशा कानाला नुसता मोठा आवाज उपयोगी पडत नाही. जुन्या काळी लोक शिंगाच्या आकाराचा कर्णा कानाला लावीत. टेलिफोनचा शोध 1876 साली लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांची आई व पत्नी या दोघींनाही ऐकू येत नसे. पुढे टेलिफोनच्याच तंत्रावर विजेची श्रवणयंत्रे निघाली. पण ती अवजड होती. 1947 साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि 1952 च्या अखेरीस तो श्रवणयंत्रात आला. ट्रान्झिस्टरचा रेडिओ लोकांच्या हाती येण्यापूर्वीच तो कानाच्या सेवेला लागला होता! 1996 पासून कानात वा कानामागे मावणारी अंकीय यंत्रे मिळू लागली. असे यंत्र सेकंदाला हजारो वेळा ध्वनीचे मोजमाप करते, ते अंकांत मांडते आणि त्यावर संस्कार करून तो कानाला देते. म्हणूनच ते हळू आवाज अधिक वाढवते व मोठा आवाज थोडाच वाढवते. जे उंच स्वर कानाला मुळीच पोहोचत नाहीत, ते काही यंत्रे खालच्या पट्टीत आणूनही ऐकवतात.

"मग भांडीच का ऐकू येतात?" आजोबांची शंका अजून फिटली नव्हती.

"कारण तुमचा मेंदू भांड्यांचा आवाज विसरला होता," बाई म्हणाल्या. "कोणता आवाज महत्त्वाचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे त्याला पुन्हा शिकावे लागते. त्याला काही आठवडे लागतात. यंत्र खणात ठेवले, तर तो शिकणार कसा? शिवाय तुमच्या यंत्रातले काही गुण अजून तुम्हांला कोणी दाखवलेलेच नाहीत."

मग बाईंनी ते गुण एकेक करून उलगडले. एका यंत्राला एक नव्हे, दोन ध्वनिग्राहक होते. एक पुढे व एक मागे. समोरचा आवाज पुढच्या ग्राहकाला आधी मिळतो, पाठीमागचा आवाज मागच्याला. हे अंतर सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशाचे असते. पण तेवढ्यावरून यंत्र आवाजाची दिशा ओळखते आणि मागचा गोंगाट कमी करते. "म्हणून जेवताना स्वयंपाकघराकडे पाठ करा आणि माणसांकडे तोंड," बाई म्हणाल्या. आजोबा आजवर बरोबर उलट बसत आले होते!

"यंत्र मध्येच शिटी वाजवते, ते का?" नातवाने विचारले.

"गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकासमोर माइक धरला, की काय होते?"

"कर्कश किंचाळी निघते!"

"तेच येथे होते. कानातला आवाज फटीतून बाहेर निसटतो आणि पुन्हा यंत्राच्या माइकमध्ये शिरतो. आजचे यंत्र ही शिटी ओळखून तिच्या उलट लहरी निर्माण करते व तिला दाबून टाकते. तरीही शिटी वाजत राहिली, तर कानातला साचा सैल झाला आहे किंवा कानात मळ साठला आहे, असे समजावे आणि तज्ज्ञाकडे यावे."

त्यानंतर बाईंनी यंत्रातील एका लहानशा वेटोळ्याची माहिती सांगितली. ते तांब्याच्या बारीक तारेचे असते व त्याला टेलिकॉइल म्हणतात. सभागृहाभोवती तारेचे वलय बसवून त्यात वक्त्याच्या आवाजाचा विद्युत्प्रवाह सोडला, तर तेथे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. टेलिकॉइल ते टिपते आणि वक्त्याचा आवाज थेट कानात उमटतो. खुर्च्यांचा खडखडाट, श्रोत्यांची कुजबुज यांचा त्यात शिरकाव होत नाही. अशा ठिकाणी कानाचे चित्र व 'टी' हे रोमन अक्षर लावलेले असते. अतिशय लहान यंत्रांत टेलिकॉइल पुष्कळदा नसते. आजोबांच्या यंत्रात ते होते. परंतु ते सुरूच केलेले नव्हते. ब्लूटूथची सोयही तशीच निजलेली होती. ती सुरू करताच मोबाइलवरील बोलणे दोन्ही कानांत थेट ऐकू येऊ लागले.

"आता शेवटचा आणि मोठा शत्रू म्हणजे अंतर," बाई म्हणाल्या. "मोकळ्या जागेत बोलणारा दुप्पट दूर गेला, की त्याच्या आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. तुमच्या गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे ना? चित्रीकरणात नटाच्या डोक्यावर लांब काठीला माइक टांगतात, तो कशासाठी? आवाज मुखाजवळच टिपावा म्हणून. श्रवणयंत्रालाही असा दूरचा माइक जोडता येतो. वर्गात शिक्षकांनी तो गळ्याजवळ लावला, तर शेवटच्या बाकावरील मुलालाही ते शेजारी बसून शिकवत असल्यासारखे ऐकू येते."

नातवाला एकदम आपल्या वर्गातील एक मुलगी आठवली. तिच्या कानामागे असेच यंत्र होते. मुले तिच्या कानाशी येऊन मोठ्याने ओरडत आणि तिने तोंड फिरवले, की तिला शिष्ट म्हणत. तो मनातल्या मनात ओशाळला.

निघताना बाईंनी निगेच्या गोष्टी सांगितल्या. तांबडी खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. मुंबईची दमट हवा यंत्राला बाधते. म्हणून रात्री सेलचे दार उघडून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. त्याचा सेल हवेवर चालतो. त्यावरील चिकटपट्टी काढली, की एक-दोन मिनिटे हवा लागू द्यावी आणि मग तो बसवावा. पट्टी आधीच काढून ठेवली, तर सेल न वापरताही संपतो. सेल लहान मुलांच्या हाती कधीही पडू देऊ नये. तो गिळला गेल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

"आणि सर्वांत उपयोगी गुण यंत्रात नाही," बाई नातवाकडे पाहून म्हणाल्या, "तो तुझ्यात आहे. आजोबांच्या समोर ये, त्यांचे लक्ष वेधून घे, मग सावकाश व स्पष्ट बोल. ओरडू नकोस, ओरडल्याने शब्द मोडतात. आणि त्यांना कळले नाही, तर 'जाऊ द्या, काही नाही,' असे कधी म्हणू नकोस. माणसाला एकटे पाडणारे याहून कठोर वाक्य दुसरे नाही."

त्या रात्री आजोबांनी आपली जेवणाची जागा बदलली. पहिल्या दिवशी सगळेच काही समजले नाही. दुसऱ्या दिवशी थोडे अधिक समजले. रोज एकेक तास वाढवीत महिन्याभराने यंत्रे सकाळपासून रात्रीपर्यंत कानांमागे राहू लागली. नागपूरच्या आत्याचा फोन आला, तेव्हा आजोबांनी कित्येक महिन्यांनी प्रथमच तो स्वतः घेतला आणि अर्धा तास खाली ठेवला नाही.

शाळा सुरू झाली. नातू त्या मुलीच्या समोर जाऊन उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "काल बाईंनी सांगितलेली गोष्ट तुला नीट ऐकू आली का? नाहीतर मी सांगतो." ती क्षणभर पाहतच राहिली आणि मग हसली.

पावसाळ्यात एके दिवशी नातू भिजून घरी आला व आजोबांसमोर बसून म्हणाला, "आजोबा, मला ताप आलाय." आजोबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिचकावून विचारले, "काठी आणू, की काढा?"

शब्दार्थ

अंग काढून घेणे – भाग घेणे सोडून देणे. अंतःकर्ण – कानाचा आतील भाग. ध्वनिग्राहक – आवाज टिपणारा यंत्राचा भाग, माइक. ध्वनिक्षेपक – आवाज मोठा करून ऐकवणारे यंत्र. अवजड – वागवण्यास जड. वेटोळे – गुंडाळलेली तार. शिरकाव – आत प्रवेश. शिष्ट – येथे, गर्विष्ठ. ओशाळणे – शरमणे.

स्वाध्याय

1. आजोबा जेवताना मुकाट्याने का बसू लागले?
2. 'बोलणे ऐकू येते. पण समजत नाही.' असे का होते, ते पाठाच्या आधारे सांगा.
3. जेवताना स्वयंपाकघराकडे पाठ करण्यास बाईंनी का सांगितले?
4. टेलिकॉइलचे कार्य पाच-सहा वाक्यांत लिहा.
5. 'सर्वांत उपयोगी गुण यंत्रात नाही,' या बाईंच्या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट करा.
6. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: चैन न पडणे, हशा पिकणे, मनाला लागणे.
7. ताप – साप – चाप यांप्रमाणे एकाच अक्षराने वेगळे होणारे शब्दांचे पाच गट तयार करा.

उपक्रम: कापसाचे बोळे दोन्ही कानांवर अलगद धरून वर्गातील मागच्या बाकावर बसा. मित्राला फळ्याकडे तोंड करून व नंतर तुमच्याकडे तोंड करून तेच वाक्य वाचण्यास सांगा. कोणता फरक जाणवला, ते वहीत लिहा. (बोळे कानांत खोल घालू नका.)