पोशीरचे पाणी व खाडीकाठचे कल्याण

केरळ पाहून आलेला मनुष्य आलेप्पीचे वर्णन केल्यावाचून सहसा राहत नाही. गावातून गेलेले कालवे, काठावर वाकलेले माड, घरासारखे छप्पर घातलेल्या नावा आणि पलीकडे सुमारे ९६ किलोमीटर लांबीचे वेंबनाड सरोवर, हे सारे ऐकून मुलांस वाटते की असे पाण्यातले गाव आपल्या नशिबी कोठचे! आलेप्पी (हल्लीचे आलप्पुळा) दूर आहे हे खरेच. परंतु पोशीरच्या विद्यार्थ्यास तशाच एका गावाची वाट त्याच्या नदीनेच आखून दिली आहे. पोशीर नदी उल्हासेस मिळते, उल्हास पुढे खाडी होते, आणि जेथे नदीपण संपून खाडीपण सुरू होते त्याच्या आसपास कल्याण वसले आहे. नेरळहून आगगाडीने हे अंतर सुमारे ३३ किलोमीटर भरते.

कल्याण म्हणताच गाड्यांची गर्दी व फलाटावरील धक्काबुक्की डोळ्यांपुढे येते, खाडी येत नाही. हा दोष रेल्वेचा आहे, गावाचा नव्हे.

प्रथम खाडी म्हणजे काय ते पाहू. डोंगरातून उतरलेले गोडे पाणी व समुद्रातून आत शिरणारे खारे पाणी जेथे एकमेकांस भेटतात, तो नदीमुखाचा प्रदेश ती खाडी. केरळात भरतीचे पाणी जेमतेम एक मीटर चढते. त्यामुळे लाटांनी किनाऱ्याशी रचलेले वाळूचे बांध टिकून राहिले आणि त्यांच्या आड नद्यांचे पाणी साचून विस्तीर्ण सरोवरे झाली. मल्याळी लोक त्यांस ‘कायल’ म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर मात्र उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांच्या आसपास अंतर पडते. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते व दोनदा मागे फिरते. म्हणून आपल्याकडे निवांत सरोवर न होता चिखलाचे काठ, तिवरांची झाडी व सतत धावते पाणी, असे खाडीचे रूप झाले. आलेप्पीचा नावाडी कोणत्याही घटकेस नाव सोडू शकतो. कल्याणच्या नावाड्यास पंचांग पाहावे लागे.

पंचांग पाहण्याची रीत मोठी मौजेची आहे, व ती किनाऱ्यावरील कोळ्यांस पाठ असते. तिथी शुक्ल असो वा कृष्ण, तिचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता मुंबईस पूर्ण भरती असते. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीस सहा वाजता. पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतरची भरती सुमारे साडेबारा तासांनी. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची मंद भरती असते. खाडीतून वर चढता चढता पाण्यास वेळ लागतो, म्हणून कल्याणास भरती मुंबईहून उशिरा पोहोचते. किती उशिरा, हे ज्याने त्याने काठावर उभे राहून मोजावे. गणिताच्या तासास पाऊणकीचा पाढा कशाला, असे विचारणाऱ्या मुलास हे उत्तर पुरेसे व्हावे.

ह्याच भरतीने कल्याणास बंदर केले. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल येथे नावेत चढे व भरतीबरोबर वर आलेला माल येथे उतरे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक नाविकग्रंथात ‘कल्लिएना’ ह्या नावाने ह्या बंदराचा उल्लेख आहे. त्या काळी राजकीय तंट्यामुळे येथील व्यापारास अडथळा झाला होता, आणि चुकून येथे आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असेही तो ग्रंथकार सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस ह्या ग्रीक लेखकाने ‘कल्लियाना’ येथील ख्रिस्ती मंडळी व इराणातून नेमलेला बिशप यांविषयी लिहिले. ते हेच कल्याण, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच लेखकाने मिरीचा देश म्हणून मलबारचेही वर्णन केले आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि ह्याच खाडीच्या आश्रयाने मराठ्यांच्या आरमाराची जहाजबांधणी सुरू झाली. खाडीकाठची दुर्गाडीची टेकडी पाहताना हे ध्यानी असावे.

पुढे १ मे १८५४ रोजी आगगाडी कल्याणास पोहोचली, आणि दोन वर्षांत ती आपल्या कर्जत तालुक्यातून खोपोलीपर्यंत गेली. आगगाडीस तिथी पाहावी लागत नाही. बंदराचे महत्त्व ओसरले व जंक्शनचे वाढले. आलेप्पीची गोष्टही निराळी नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी ते बंदर भरभराटीस आणले. १८५९ साली तेथे काथ्याचा पहिला कारखाना निघाला. परंतु विसाव्या शतकात कोचीनचे खोल बंदर तयार झाल्यावर आलेप्पीचा व्यापार मंदावला. तेथे निदान कालवे राहिले.

आता आपल्या पाण्याकडे वळू, कारण कल्याणच्या खाडीत जे येते त्यातील काही वाटा पोशीरचा आहे. घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवून १९२२ पासून भिवपुरीच्या वीजगृहात सोडले जाते. तेथून ते पेज नदीने उल्हासेत येते. बंगालच्या उपसागरास जावयाचे पाणी अशा रीतीने अरबी समुद्रास मिळते व वाटेत भर उन्हाळ्यात उल्हास वाहती ठेवते. पावसाळ्यात मात्र हीच नदी ओळख विसरते. २७ जुलै १९ च्या नव्हे, २०१९ च्या पहाटे बदलापूर-वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासेच्या पुरात अडकली आणि एक हजारांहून अधिक उतारूंस नावांतून सोडवावे लागले. ज्या रुळांनी नावांचा धंदा बुडविला त्यांवर नावा आणाव्या लागल्या, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

२०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने पोशीर धरणाच्या प्रकल्पास मान्यता दिली. त्याचे पाणी मुख्यतः मुंबईच्या परिसरातील शहरांस पिण्यासाठी जावयाचे आहे. शहरांची तहान खरी आहे. ज्यांची जमीन पाण्याखाली जाईल त्यांचे दुःखही तितकेच खरे आहे. तिसरी बाजू सहसा कोणी मांडत नाही, ती खाडीची. ह्या बाबतीत केरळाचा अनुभव पाहण्याजोगा आहे. आलेप्पीजवळच्या कुट्टनाडात समुद्रसपाटीहून खाली असलेल्या जमिनीत, बांध घालून व पाणी उपसून भात पिकवितात. आपल्या पेण-अलिबागकडील खारबंदिस्ती व उघाड्या पाहिलेल्यास ही विद्या परकी वाटणार नाही. तेथे उन्हाळ्यात खारे पाणी शिरू नये म्हणून १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे सरोवरावर आडवा बांध पूर्ण झाला. भातास लाभ झाला. पण खारेपणा गेल्यावर पाणवनस्पती माजल्या, आणि मासे व शिंपल्यांची ये-जा अडल्यामुळे मच्छीमारांचे नुकसान झाले. तेथे खारे पाणी अडविले, येथे गोडे अडवावयाचे आहे. गोडे पाणी कमी झाले की खारे पाणी वर सरकते, हा खाडीचा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे. धरणातून उन्हाळ्यात नदीत किती पाणी सोडणार, हा प्रश्न म्हणून पोशीरच्या माणसानेही विचारण्यासारखा आहे.

सहलीस जावयाचे तर पावसाळा टाळून चतुर्थीचा दिवस निवडावा. दुपारपूर्वी दुर्गाडीच्या पायथ्याशी पोहोचल्यास पाणी चढताना दिसेल. चिखल फसवा असतो, तेव्हा कोणीही पाण्यात उतरू नये. काठावरील एखाद्या खांबावर किंवा दगडावर खूण धरून, दर अर्ध्या तासाने पाणी त्या खुणेच्या किती खाली वा वर आहे ते वहीत लिहावे, प्रवाहात तरंगणारी जलपर्णी कोणत्या दिशेस जाते तेही टिपावे. ती प्रथम थांबेल आणि मग डोंगराकडे चालू लागेल.