अपंगत्वाचा दावा फेटाळला, तर दाद कुठे?

प्रश्न: अपघातात माझा हात निकामी झाला. ‘अपंगत्व कायमचे नाही’ म्हणत विमा कंपनीने दावा नाकारला. काय करू?

उत्तर: नकार हे कंपनीचे मत आहे, अंतिम निवाडा नव्हे. कारण लेखी घ्या, पॉलिसीतील व्याख्येशी ताडून पाहा आणि सरकारी रुग्णालयाचे अपंगत्व प्रमाणपत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत आहेत. वकिलाविना बड्या कंपनीपुढे निभाव कसा लागणार, ही शंका रास्त आहे. पण तिथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो तुम्हाला अमान्य असल्यास ग्राहक आयोग आहेच. म्हणून खचू नका. कागद जपा, मुदत पाळा.