सलाफहादाच्या कन्या आणि आमचे सात-बाराचे उतारे

शास्त्रपाठ : गणना २७:१-११, लूक १२:१३-२१, मार्क ७:९-१३.

इस्राएल लोक वचनदत्त देशाच्या सीमेवर येऊन पोहोंचले होते. जमीन अद्यापि हातीं आली नव्हती, तरी तिच्या वांटणीचा विचार सुरू झाला होता. अशा वेळीं महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ह्या पांच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशीं मोशे, एलाजार याजक व सरदार यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा बाप सलाफहाद हा पुत्रावांचून मरण पावला होता. केवळ पुत्र नाहीं म्हणून बापाचें नांव कां बुडावें, असें त्यांनीं विचारलें व चुलत्यांबरोबर आपणांसहि वतन मागितलें. मोशेनें आपल्या बुद्धीनें निवाडा केला नाहीं. त्यानें तें प्रकरण परमेश्वरापुढें नेलें, आणि त्या कन्यांचें म्हणणें यथार्थ ठरलें. उपदेशकांनीं वर्गास हें दाखवून द्यावें कीं, ह्या बहिणी कोणाच्या ओसरीवर रडत बसल्या नाहींत; सर्व मंडळीसमक्ष व वेळेवर आल्या.

हा पाठ चाकण व पिंपरी-चिंचवडच्या आसपासच्या मंडळ्यांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. १९७२ सालीं नवनगर प्राधिकरण आलें. आणि पुढें चाकणच्या माळांवर मोटारींचे कारखाने उभे राहिले. जेथें बाजरीचें पीकहि पावसाच्या मर्जीवर होतें, तेथील जमिनीचा भाव आतां एकरानें नव्हे, गुंठ्यानें बोलला जातो. जमीन स्वस्त होती तोंवर सासरीं गेलेल्या बहिणीची कोणास आठवण नव्हती. आतां विक्रीच्या कागदावर तिची सही लागते, म्हणून आठवण होते. तिला माहेरीं बोलावून साडी-चोळी करितात, गोड जेवण घालितात, आणि तलाठ्याकडील कामाचा कागद आहे असें सांगून हक्कसोडपत्रावर तिचा आंगठा घेतात. ख्रिस्ती घरांतहि असें घडतें. बहीण समजून-उमजून, आपखुशीनें आपला वांटा भावास सोडीत असेल तर तें तिचें औदार्य होय. पण न वाचून दाखविलेल्या कागदावर घेतलेला आंगठा ही चोरीच होय. तिला चोरीहून सौम्य नांव देण्यास मी तयार नाहीं.

ख्रिस्ती मनुष्याच्या मालमत्तेस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. कोणी मृत्युपत्र न करितां मरण पावला व त्याच्या मागें विधवा आणि मुलें असलीं, तर विधवेस एक-तृतीयांश मिळतो व उरलेले दोन-तृतीयांश मुलांमध्यें सारखे वांटले जातात. मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. समजा, ९ एकर जमीन आहे आणि विधवा, दोन पुत्र व एक कन्या आहेत. तर आईस ३ एकर आणि तिघां मुलांस प्रत्येकीं २ एकर. कन्येचें लग्न झालें, हुंडा दिला, ह्या गोष्टी तिचा वांटा कमी करीत नाहींत. दक्षिणेकडे त्रावणकोरांत मात्र १९१६ च्या एका कायद्यानें मुलीस मुलाच्या वांट्याच्या चौथाईइतकें किंवा ५००० रुपये, यांतील जें कमी तेंच मिळत असे. मेरी रॉय नामक एका ख्रिस्ती बाईंनीं त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथेंहि १९२५ चाच कायदा लागू असल्याचें ठरविलें. आमच्याकडे कायदा आधींपासूनच बहिणीच्या बाजूचा आहे. अडचण आमच्या घरांत आहे.

परंतु ह्या कायद्यांत एक गोष्ट अशी आहे कीं ती ऐकून पुष्कळ जण चकित होतात. मरणाऱ्यास मुलें असलीं तर त्याच्या म्हाताऱ्या आईस कायद्यानें कांहींहि मिळत नाहीं. ज्या आईनें शेणामातीचें काम करून त्याला वाढविलें, ती सुनेच्या व नातवांच्या दयेवर राहते. तिची सोय करावयाची असेल तर मृत्युपत्रच केलें पाहिजे. तसेंच ख्रिस्ती कायद्यांत पुत्रास जन्मतः हक्क उत्पन्न होत नाहीं. बाप जिवंत असतां त्याची मिळकत त्याचीच. लूकाच्या १५ व्या अध्यायांतील धाकट्या पुत्रासारखी मागणी आज कोणी केली, तर बापानें ती मान्य करावी असें कोणतेंहि न्यायालय म्हणणार नाहीं.

ज्यांचे आईबाप अद्यापि हिंदु आहेत अशा नव्या विश्वासी बंधूंनीं पुढील गोष्ट ध्यानांत धरावी. धर्म बदलला म्हणून मनुष्याचा वारसाहक्क जात नाहीं, हें १८५० च्या कायद्यानें ठरलें आहे. पण १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणें, धर्मांतरानंतर जन्मलेलीं मुलें व त्यांचे वंशज हिंदु नातलगांचे वारस होऊं शकत नाहींत, जर वारसा उघडण्याच्या वेळीं तीं हिंदु नसतील. म्हणजे बाप्तिस्मा घेतलेला पुत्र आपल्या हिंदु पित्याच्या आधीं वारला, तर नंतर जन्मलेल्या नातवंडांस आजोबांच्या मिळकतींत वारसानें कांहीं मिळत नाहीं. आजोबांची इच्छा असल्यास त्यांनीं मृत्युपत्र करून आपल्या हिश्शांतून नातवंडांस द्यावें. त्यास कोणतीहि आडकाठी नाहीं. आजोबांशीं हें बोलण्यास लाज वाटूं देऊं नये. मात्र लोभाच्या सुरांतहि बोलूं नये.

आमच्यापैकीं पुष्कळांच्या जमिनी मूळच्या महार वतनाच्या आहेत. तीं वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं व जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. अशी जमीन वारसांकडे जाते, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं. दलालानें हातीं रोख रक्कम ठेवली म्हणून कागद करून देणारा पुढें कचेरीच्या पायऱ्या झिजवितो.

मृत्युपत्र करणें फार खर्चाचें नाहीं. त्यास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीहि ऐच्छिक आहे. तथापि नोंदणी केलेली बरी. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्यानें दोन साक्षीदारांसमक्ष सही किंवा आंगठा करावा आणि त्या दोघांनीं त्याच्यासमक्ष सह्या कराव्या. ज्यास कांहीं द्यावयाचें आहे त्यास किंवा त्याच्या पतीस वा पत्नीस साक्षीदार करूं नये. केल्यास त्याचें देणें व्यर्थ जातें. मृत्युपत्र केल्यावर करणाऱ्याचें लग्न झालें तर तें रद्द होतें, म्हणून पुनर्विवाह करणाऱ्या विधुरानें नवें करावें. बँकेंतील ठेवीस ज्याचें नांव नामनिर्देशनांत असतें, तो पैसा उचलतो. मालक मात्र वारसच असतात.

ज्यास द्यावयाचें तोच आधीं गेला तर काय, हेंहि लिहून ठेवावें. आपल्याच जिल्ह्यांतील केडगांवच्या पंडिता रमाबाईंनीं मुक्ति मिशनचें काम आपली कन्या मनोरमा हिच्या हातीं जावें असें योजिलें होतें. पण मनोरमाबाई १९२१ सालीं वारल्या आणि आई १९२२ सालीं.

आतां आम्हां पाळकांविषयीं. मरणशय्येजवळ बसून मंडळीसाठीं जमीन मागणें मला अत्यंत गैर वाटतें. धर्मकार्यास देणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यावर पूर्वीं ११८ व्या कलमाचें बंधन होतें. तें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं जॉन वल्लमट्टम यांच्या दाव्यांत रद्द केलें. आतां देणारा मोकळा आहे, म्हणूनच घेणाऱ्यानें अधिक जपावें. कुर्बान म्हणून आईबापांचा हक्क बुडविणाऱ्यांविषयीं प्रभूनें काय म्हटलें तें मार्काच्या ७ व्या अध्यायांत आहे.

पुढील रविवारीं उपदेशकांनीं प्रत्येक कुटुंबप्रमुखास सात-बाराचा उतारा बरोबर आणण्यास सांगावें. ज्यांचे वडील वारले आहेत त्यांची वारसनोंद झाली आहे कीं नाहीं, तींत आईचें व बहिणींचें नांव आहे कीं नाहीं, हें पाहावें. वारसानें मिळालेल्या हक्काची खबर तलाठ्यास ३ महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांचा उतारा मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि त्या वेळीं घरांतील स्त्रियांसहि जवळ बसवावें.