तो आकडा गुपचूप खोडू नकोस

अगं, चार घटक दोन-दोन पातळ्यांवर घेऊन सोळा रन केलेस, प्रत्येक एकदाच, आणि आता आलेखात एकही घटक उठून दिसत नाही म्हणून रडकुंडीला आलीस ना? ‘प्रयोग फसला’ असं गाइडना सांगण्याआधी जरा माझं ऐक.

रन परत केलेले नसले की सोळा आकडे सरासरी आणि घटकांचे व त्यांच्या आंतरक्रियांचे मिळून पंधरा परिणाम काढण्यातच संपतात. चूक जोखायला हाताशी काही उरत नाही. त्यामुळे एक आकडा बिघडला तरी पंधराही परिणाम नासतात.

माँटगोमेरीच्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकातलं गाळण्याच्या वेगाचं उदाहरण काढ. घटक चार: तापमान, दाब, फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण, ढवळण्याचा वेग. पहिले दोन खालच्या पातळीवर, पुढचे दोन वरच्या, त्या रनचं रीडिंग ७५. समज, ते ३७५ असं नोंदलं गेलं. परिणाम म्हणजे आठ-आठ रनच्या सरासऱ्यांतला फरक, म्हणून वाढलेले ३०० भागिले ८, म्हणजे प्रत्येक परिणाम ३७.५ ने सरकणार, कुठे वर, कुठे खाली. तापमानाचा २१.६२५ होता, तो उणे १५.८७५ होतो. दाबाचा जेमतेम ३.१२५ होता, तो थेट उणे ३४.३७५! परिणामांचे आकार चिन्ह सोडून मांडणाऱ्या हाफ-नॉर्मल प्लॉटवर शून्याजवळ बिंदूच राहत नाहीत. तिथे मोकळी जागा दिसली की संशय घ्यायचा.

मग चिन्हं बघ. तापमान उणे, दाब उणे, प्रमाण अधिक, वेग अधिक, आंतरक्रियाही तशाच. चिन्हांच्या तक्त्यातली ही हुबेहूब त्याच रनची ओळ! चूक एवढी मोठी नसेल तर फक्त लहान परिणामांची चिन्हं जुळवून बघ, मोठे फसवतात. कथबर्ट डॅनियलने १९५९ मध्ये हा हाफ-नॉर्मल प्लॉट मांडला. पुढे १९८७ मध्ये बॉक्स आणि मायर यांनी प्रत्येक आकडा सदोष असण्याची संभाव्यता काढायची रीत दिली. तीही वाच, पण आधी हातानं चिन्हं जुळव. त्यानं डोळा तयार होतो.

रन सापडला की आधी प्रयोगवही उघड. कारण सापडलं तरच आकडा दुरुस्त कर. नाही सापडलं तर तो रन परत कर. तेही जमत नसेल तर चारही घटकांची आंतरक्रिया शून्य धरून आकडा काढ. या उदाहरणात ६४ येतो. ७५ नाही, पण ३७५ पेक्षा कितीतरी बरा. मात्र मग त्या आंतरक्रियेबद्दल तुला काहीच म्हणता येणार नाही.

प्रबंधात दोन्ही विश्लेषणं शेजारी शेजारी दे, आकडा का बदलला तेही लिही. आणि गाइडना आजच विचार, त्या एका रनसाठी रिॲक्टर कधी मोकळा मिळेल.