बोलीला अक्षरे मिळाली

(प्रस्तावना : भाषा बोलता येते, पण ती लिहायची कशी हेच ठरलेले नाही, असे झाले तर? भूमध्य समुद्रातील माल्टा या लहानशा देशात असेच झाले होते. तेथील लेखकांनी मंडळ स्थापून आपल्या भाषेला अक्षरे आणि मान कसा मिळवून दिला, त्याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पुढील शब्द मोठ्याने वाचा : क्तीब, बीब, इल्सीन, शेम्श, बाहार. हे कोणत्या भाषेतील शब्द आहेत? ओळखीचे वाटतात ना? 'क्तीब' म्हणजे किताब, 'बीब' म्हणजे बाब (दरवाजा), 'इल्सीन' म्हणजे लिसान (जीभ, भाषा), 'शेम्श' म्हणजे शम्स आणि 'बाहार' म्हणजे बहर (समुद्र). उर्दूत अरबीतून आलेले हे शब्द तुम्ही रोज वाचता. पण वरील शब्द उर्दूतील नाहीत. ते माल्टी भाषेतील आहेत.

नकाशा उघडा. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट आहे. त्याच्याही खाली माल्टाची बेटे दिसतील. या देशाचे क्षेत्रफळ अवघे 316 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सारा देश मुंबईच्या जवळपास निम्मा! इ.स. 870 मध्ये अरबांनी ही बेटे जिंकली. त्यांची भाषा तेथे रुजली. पुढे राज्यकर्ते बदलले, लोक ख्रिस्ती झाले, पण बोली टिकली. आजही तेथील ख्रिस्ती लोक देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांना 'रांदान' म्हणतात. हा शब्द 'रमजान'वरूनच आला आहे. शेजारच्या सिसिलीमुळे आणि इटलीमुळे माल्टीत तिकडचेही पुष्कळ शब्द आले. शाळेला माल्टी मुले 'स्कोला' म्हणतात.

ही भाषा घराघरांत होती, पण कागदावर मात्र तिला जागा नव्हती. शेकडो वर्षे तेथील कायदा, न्यायालय आणि शिक्षण यांची भाषा इटालियन होती. ती फार थोड्या लोकांना येत होती. समजा, एखाद्या गरीब कोळ्यावर खटला भरला गेला. वकील काय बोलतात, न्यायाधीश काय निकाल देतात, हे त्याला कसे कळणार? स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच खटल्यात तो परका ठरे. शिकलेले लोक माल्टीला 'स्वयंपाकघरातली भाषा' म्हणून हिणवत.

या भाषेची बाजू घेणारा पहिला मोठा विद्वान म्हणजे मिकिएल आन्तोन वास्साल्ली. त्याने 1791 साली माल्टीचे व्याकरण आणि 1796 साली शब्दकोश प्रसिद्ध केला. राजकारणामुळे त्याला अनेक वर्षे देशाबाहेर काढावी लागली. परत आल्यावर 1825 साली तो विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. लोक त्याला माल्टी भाषेचा जनक मानतात.

तरीही एक अडचण उरलीच. लिपी रोमन होती, पण लिहिण्याचा नियम एक नव्हता. 'श' हा साधा उच्चार कोणी इटालियन वळणाने लिही, तर कोणी आणखी वेगळ्या पद्धतीने. एकच शब्द दोन पुस्तकांत दोन तऱ्हांनी छापला जाई. मग मुलांना शिकवायचे काय? आणि ज्या भाषेचे शुद्धलेखनच ठरलेले नाही, तिला सरकार तरी का मान देईल?

हे ओळखून काही लेखक 14 नोव्हेंबर 1920 रोजी एकत्र आले. त्यांनी माल्टी लेखकांचे मंडळ स्थापन केले. वकील आणि कादंबरीकार जुझे मुस्कात अझ्झोपार्दी हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळाने कथा-कवितांच्याही आधी वर्णमालेचे काम हाती घेतले. निनू क्रेमोना आणि जान्नी वास्साल्लो या अभ्यासकांनी त्यासाठी खूप कष्ट घेतले. 1924 साली मंडळाने लेखनाचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या नावात दोन शब्द होते : 'तारीफ' म्हणजे माहिती आणि 'कितबा' म्हणजे लेखन. त्यांचे मूळ तुम्ही सहज सांगाल!

हे नियम विचारपूर्वक केलेले होते. 'श'साठी रोमन लिपीतील 'एक्स' हे एकच अक्षर ठरले. काही अक्षरांवर टिंब किंवा आडवी रेघ देऊन नवी अक्षरे केली. उर्दूतील 'ऐन' तुम्ही लिहिता, पण बोलताना त्याचा अरबीसारखा उच्चार करीत नाही. माल्टीतही असेच एक अक्षर आहे. त्याचा उच्चार बहुधा होत नाही. पण शब्दाचे मूळ दिसावे म्हणून ते लिहितात. आज माल्टी वर्णमालेत 30 अक्षरे आहेत.

1925 साली मंडळाने 'इल माल्ती' नावाचे नियतकालिक सुरू केले. दुन कार्म प्साइला हे कवी मंडळाचे दुसरे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरू होते. आधी ते इटालियनमध्येच कविता लिहीत. 1912 पासून ते माल्टीत लिहू लागले आणि पुढे राष्ट्रकवी ठरले. शाळेतील मुलांनी म्हणावे म्हणून त्यांनी एक गीत रचले. तेच आज माल्टाचे राष्ट्रगीत आहे.

मंडळाच्या श्रमांना 1934 साली फळ आले. सरकारने त्याची लेखनपद्धती स्वीकारली आणि इंग्रजीबरोबर माल्टीलाही राजभाषेचा दर्जा दिला. 1964 साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा माल्टी राष्ट्रभाषा झाली. 2004 साली माल्टा युरोपीय संघात गेला आणि माल्टी त्या संघाची एक अधिकृत भाषा बनली. पण त्या वेळी पुरेसे अनुवादक मिळेनात! म्हणून सर्व कायदे माल्टीत छापण्यासाठी तीन वर्षांची सवलत घ्यावी लागली. नुसता दर्जा मिळून भागत नाही. भाषा जाणणारी, लिहिणारी माणसेही तयार व्हावी लागतात.

लेखकांचे ते मंडळ आज 'आक्कादेमिया ताल माल्ती' या नावाने काम करते. शुद्धलेखनाचे काम 2005 पासून राष्ट्रीय भाषा परिषदेकडे आहे. इंग्रजीचा जोर मोठा असल्याने काम संपलेले नाही.

मित्रांनो, तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत उर्दूतून शिकता आणि मराठीही वाचता. माल्टाच्या लेखकांनाही अनेक भाषा येत होत्या. त्यांनी दुसऱ्या भाषेचा द्वेष केला नाही. आपल्या भाषेची लाज मात्र सोडली. लाज सोडल्यावर ते भाषणे देत बसले नाहीत. त्यांनी लेखणी उचलली आणि अक्षरे घडवली.

शब्दार्थ
हिणवणे – कमी लेखणे
परका – अनोळखी, बाहेरचा
जनक – पिता, निर्माण करणारा
दर्जा – स्थान, मान
सवलत – सूट

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माल्टी लेखकांचे मंडळ केव्हा स्थापन झाले?
(आ) माल्टी भाषेचा जनक कोणाला मानतात?
2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) न्यायालयात गरीब माणूस परका का ठरे?
(आ) मंडळाने आधी वर्णमालेचे काम का हाती घेतले?
3. वाक्यात उपयोग करा : रुजणे, बाजू घेणे, फळ येणे.
4. उपक्रम : उर्दू, मराठी आणि तुमची घरची बोली यांत सारखे असणारे दहा शब्द शोधा व वहीत लिहा.