मेलेला कावळा भोपाळला कशाला?

जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला. धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की दापोली तालुका. कावळ्याला तर बोटही लागत नाही! वर्गात एकाने विचारलं, "गुरुजी, आमच्या कोंबड्या पण मारणार?"

प्रश्न रास्त आहे. कोंबड्यांत हा रोग नक्की झाला, तर साधारण १ किमी परिसरातल्या सगळ्या कोंबड्या मारतात. राणीखेत रोगातही कोंबड्या अशाच पटापट मरतात, नुसतं बघून फरक कळत नाही. चूक झाली तर एखाद्या घरचं उत्पन्न फुकट जातं, उशीर झाला तर रोग पसरतो.

पूर्वी नमुना कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यात टोचून विषाणू वाढवत. त्यात कित्येक दिवस जात. आरटी-पीसीआरला काही तास पुरतात. विषाणूच्या आरएनएची डीएनए प्रत करायची, मग ती दुप्पट, पुन्हा दुप्पट. मुलांना वहीत करायला लावा: दहाव्या वेळी १०२४, तिसाव्या वेळी १०७ कोटी! म्हणून नमुन्यात विषाणू अगदी थोडा असला तरी सापडतो. आधी इन्फ्लुएंझा-ए आहे का ते पाहतात, मग एच५ आहे का ते. अर्थात स्वाब नीट घेतला नाही किंवा बर्फात ठेवला नाही, तर मशीन काय करणार?

"मग ते मशीन चिपळूणला का नाही?" पुढचा प्रश्न. प्राथमिक तपासणी पुण्यात होते, पण शिक्कामोर्तब भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत. तिथे जिवंत विषाणू हाताळतात, म्हणून आतली हवा गाळूनच बाहेर सोडतात आणि माणसं अंघोळ करून बाहेर येतात.