वाफे करण्याआधी जुनी मुळं उपटून बघा

औंढ्याची महाशिवरात्रीची जत्रा येईपर्यंत आपल्याकडची थंडी सरते आणि घरोघरी परसबागेत कुदळ पडते. भेंडी, गवार, काकडी, दोडका कधी लावायचा, किती अंतरावर लावायचा, हे हिंगोलीतल्या बायकांना मी सांगायची गरज नाही. माती गार असताना टाकलेलं काकडीचं बी जागीच कुजतं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. थंडी कमी व्हायला लागल्यापासून येणारी तक्रार जवळपास एकच आहे. टोमॅटो दुपारी मान टाकतो, संध्याकाळी परत उभा राहतो. पाणी आहे, खत आहे, तरी पान पिवळं आणि फळ गोटीएवढं. यातली बहुतेक झाडं उपटून पाहिली तेव्हा मुळांना गाठी होत्या. सूत्रकृमी.

हा किडा डोळ्यांना दिसत नाही. मुळात शिरणारं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. ते आत एका जागी ठाण मांडतं, भोवतालच्या पेशी फुगतात आणि मुळाची गाठ होते. एक मादी दोनशे ते पाचशे अंडी घालते. थंडीत हे सगळं संथ चालतं. माती तापली की साधारण महिन्याभरात एक पिढी पुरी होते. म्हणजे आज लावलेल्या भेंडीच्या हयातीत तीन-चार पिढ्या सहज होतील. टोमॅटो, वांगी, भेंडी, सगळे वेल आणि पपई ही त्याची आवडती पिकं. परसात आपण नेमकी हीच लावतो.

गाठी ओळखण्यात मात्र गफलत होते. मागे एकानं चवळीची मुळं आणून दाखवली आणि रोग आला म्हणून सगळी चवळी उपटून टाकल्याचं सांगितलं. त्या नत्राच्या गाठी होत्या. चवळी, गवार, भुईमूग यांच्या मुळांवरची नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं सहज निघते आणि काम करणारी गाठ फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच फुगलेलं असतं, ते मुळापासून सुटं होत नाही. झाड हिसका देऊन ओढू नका, नाहीतर बारीक मुळं मातीतच तुटतात. खुरप्यानं भोवतालची माती सैल करा, झाड अलगद उचला आणि मुळं बादलीत बुडवून धुवा. मग बघा.

आता हे परसात येतं कुठून? आपल्या जिल्ह्यात पहिला संशय हळदीवर घ्यावा. हळदही सूत्रकृमीला बळी पडते आणि वसमत, कळमनुरी, औंढा भागात तिची काढणी सध्या जोरात आहे. काढणी झाली की मुळ्या, कुजके गड्डे आणि त्यांना लागलेली माती घरामागे येऊन पडते. वर ‘हळदीच्या रानातली कसदार माती’ म्हणून ट्रॉलीभर माती परसात ओतणारेही आहेत. सेनगावकडच्या एका घरी नव्या बांधकामामागचा मुरूम झाकायला अशीच माती आणली होती. पहिल्या उन्हाळ्यात दोडका कसाबसा आला. दुसऱ्या वर्षी वांग्याला फळ धरेना, म्हणून त्यांनी दर आठवड्याला युरिया टाकला. मी गेलो तेव्हा झाडाला पानं कमी आणि मुळाला गाठी जास्त, अशी अवस्था होती. हळदीची वाळलेली पानं आच्छादनाला खुशाल वापरा. मुळ्या आणि माती मात्र रानातच राहू द्या.

सूत्रकृमीचं दुसरं घर म्हणजे न्हाणीजवळचं जुनं वांगं. दोन-दोन वर्षं जपलेलं, वरून छाटलेलं आणि ‘अजून देतंय की’ म्हणून ठेवलेलं. ते देतंय हे खरं, पण त्याच्या बुडाशी पुढच्या सगळ्या बागेची कीड पोसली जातेय. काढा ते. मुळं खड्ड्यात किंवा गांडूळखतात टाकू नका. उन्हात कडक वाळवा आणि जाळा.

उपायांच्या नावाखाली काय काय चालतं, तेही सांगतो. ताक, राख, अंड्याची टरफलं, मिठाचं पाणी. ताकानं सूत्रकृमी मरत नाही आणि मिठानं माती मरते. झाड सुकलं की पाणी वाढवायचं ही तर सगळ्यांचीच खोड आहे. मूळच निकामी झालेलं असेल तर ते पाणी वर जाणार कसं? उलट ओल वाढून मर आणि मूळकूज येते.

याहून वाईट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. वसमतच्या पुढे एका गावात बायकांच्या गटाची सुरेख गोल परसबाग होती. भेंडी पिवळी पडली. दुकानदारानं पुडीत दाणेदार औषध बांधून दिलं, त्यांनी ते आळ्यात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन कोंबड्या वाफ्यात मरून पडल्या. त्याच वाफ्यातली कोथिंबीर घरात खाल्ली जात होती. फोरेटवर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. जुना साठा कोणी देत असेल तर घेऊ नका आणि घरात पडलेला असेल तर परसात आणू नका. सूत्रकृमीसाठी नवी औषधं बाजारात आली आहेत, पण ती मोठ्या शेताच्या मापाची आणि ठरावीक पिकांपुरती आहेत. जिथली भाजी सकाळी तोडून दुपारी ताटात येते, तिथं त्यांचं काही काम नाही.

झेंडूचं नाव सगळ्यांना माहीत आहे. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमीला मारक असतात, हे खरंच आहे. पण कुंपणाला चार झाडं लावून, दसऱ्याला फुलं तोडून काही होत नाही. ज्या वाफ्यात गाठी सापडल्या तो अख्खा वाफा दाट झेंडूनं भरा, दोन-अडीच महिने ठेवा आणि मग तिथंच मातीत गाडा. त्या वाफ्यातली या उन्हाळ्याची भाजी गेली असं समजा.

हेच सांगितलं की लोक नाराज होतात. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. बाग दोन भागांत करा. गाठी नसलेल्या किंवा कमी असलेल्या भागात आता लागवड करा. त्याआधी दर चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा, ओल द्या आणि आठ-दहा दिवस थांबा. ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस या उपयोगी बुरश्या ओलसर शेणखतात मिसळून, सावलीत पंधरा दिवस वाढवून मग टाकल्या तर जास्त काम करतात. कोरड्या मातीवर भर उन्हात फेकल्या तर पैसे वाया. गाठींचा भाग मेथी आणि पालकाला द्या, पण एका अटीवर. पंचविसाव्या दिवसाच्या आत भाजी मुळासकट उपटायची. मुळात शिरलेली पिल्लं अंडी घालायच्या आतच बाहेर निघतात. मेथी आपण उपटूनच जुडी बांधतो. पालकाची पानं खुडत बसायची सवय मात्र इथं सोडावी लागेल, आणि देठाखालची मुळं कापून परत वाफ्यात टाकायची नाहीत.

मग एप्रिल लागला की तोच भाग भिजवून घ्या आणि पारदर्शक, पातळ प्लास्टिकनं झाका. काळा कागद नको, त्याखाली माती तितकी तापत नाही. कडा चारही बाजूंनी मातीत दाबा, कारण आपल्याकडचं वारं एका रात्रीत कागद शेजारच्या बाभळीवर नेऊन टाकतं. चार ते सहा आठवडे हात लावू नका. कागद काढल्यावर खोल खणू नका, खालची न तापलेली माती वर आली की सगळी मेहनत फुकट. नंतर त्या वाफ्यात शिरताना खुरपं, कुदळ आणि पायताण धुवून घ्या. गाठी असलेल्या वाफ्याचं पाणी त्यात वळवू नका.

जत्रेतून किंवा गाडीवरून पेरूचं, पपईचं रोप घेताना पिशवी फाडून मुळं दाखवा म्हणा. विक्रेता कुरकुर करेल. पेरूला तर सूत्रकृमी अनेकदा रोपवाटिकेच्या मातीतूनच येतो आणि एकदा परसात रुजलेलं झाड उपटायला कुणाचा हात धजत नाही.

शंका असेल आणि झाड नसेल, तर संशयाची माती कुंडीत भरून काकडीचं बी लावा. महिना-सव्वा महिन्यानं उपटून मुळं बघा. प्रयोगशाळेत द्यायची तर नेहमीच्या मातीपरीक्षणासारखी वाळवून, चाळून आणू नका, तशा मातीत सूत्रकृमी सापडत नाही. मुळांजवळची, वीतभर खोलीवरची अर्धा किलो ओलसर माती मुळांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि सावलीतून त्याच दिवशी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीला विद्यापीठात पोहोचवा. पिशवीवर गाव, वाफ्यात आधी काय होतं आणि माती कुठून आणली होती, हे लिहा. शेवटची गोष्ट लोक हमखास लिहीत नाहीत, आणि मला पहिली तीच विचारावी लागते.